आहुप्याच्या मातीतला जड नायट्रोजन

शुक्रवार

वेताळ टेकडीवर सकाळी साडेसहाला झाडाची फांदी कापणं म्हणजे चौकशी समितीला आमंत्रण. भाचीनं गिरिपुष्पाची उन्हाकडची फांदी लांब दांड्याच्या कात्रीनं उतरवली आणि पहिले काका थांबले. "परवानगी आहे का?" आहे म्हटल्यावर वनखात्याचं पत्र वाचायला मागितलं, वाचलंही, आणि मग विचारलं, "गुडघ्यांवर चालतं का हे?" पुढच्या काकूंचा मुद्दा वेगळा होता. हे झाड परकं, ते मुळापासून काढलं पाहिजे, पानं कसली खुडताय? मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं हे झाड काही दशकांपूर्वी इथल्या उघड्या मुरुमावर लावलं आणि ते तगलं. तगण्याचं एक कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींत आहे. तिथले जिवाणू हवेतला नायट्रोजन थेट झाडाला उपलब्ध करून देतात. मुरुमात नायट्रोजन नसला तरी याचं अडत नाही.

भाचीला या पानांची गरज वेगळ्याच कारणासाठी होती. तिचं पीएच.डी.चं काम सह्याद्रीतल्या जंगलांतल्या नायट्रोजनवर आहे. आम्ही निघालो होतो आंबेगाव तालुक्यात, घाटमाथ्यावरच्या आहुप्याला. पण हवेवर जगणाऱ्या झाडाचा आकडा आधी हाताशी हवा होता. मी बरीच वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर माझी नेमणूक पिशव्यांवर चिठ्ठ्या लिहिणारी मावशी या पदावर झाली आहे.

हा आकडा कसला, ते इथंच सांगून टाकते. नायट्रोजनचे टिकाऊ अणू दोन प्रकारचे: १४ वजनाचे आणि १५ वजनाचे. १५ वजनाचा अणू असतो हे १९२९ मध्ये नॉडे या दक्षिण आफ्रिकी शास्त्रज्ञानं वर्णपटातल्या फिकट रेषांवरून दाखवलं. हवेत २७२ हलक्या अणूंमागे एक जड अणू असतो. पृथ्वीवर कुठंही जा, हवेतलं हे प्रमाण तेच, म्हणून हवेलाच शून्य मानतात. नमुन्यात जड अणूचं प्रमाण हवेपेक्षा हजारी पाचनं जास्त असेल, तर आकडा अधिक पाच. म्हणजे २७२ च्या जागी साधारण २७०.६ हलक्यांमागे एक जड. एवढ्याशा फरकावर भाचीची पाच वर्षं जाणार आहेत. शास्त्रज्ञ याला डेल्टा १५ एन म्हणतात, आम्ही गाडीत नुसतं 'आकडा' म्हणत होतो. गिरिपुष्प हवेतून घेतं, म्हणून त्याचा आकडा शून्याच्या आसपास यायला हवा.

चाकणच्या कोंडीबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. राजगुरुनगर, मंचर, मग डावीकडे वळून घोडेगाव. तिथं चहा. डिंभे धरणाच्या पुढं रस्ता जलाशयाच्या कडेकडेनं वळणं घेत राहतो आणि हळूहळू हिरडा दिसू लागतो. या भागातल्या महादेव कोळी कुटुंबांचा बराचसा रोख पैसा या झाडावर आहे. कोवळी फळं गोळा करून, वाळवून बाळहिरडा म्हणून विकायची. त्यामुळे बांधावरचा हिरडा कुणी सहजासहजी तोडत नाही. बाकीच्या झाडांच्या फांद्यांचं काय होतं, ते रविवारी कळणार होतं.

मुक्कामाच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात भात उफणायचं काम चाललं होतं. वहिनी सूप उंच धरून धार सोडत होत्या. दाणा पायाशी, फोलपट वाऱ्यावर. मी भाचीला म्हटलं, "तुझा सगळा प्रबंध हाच ना?" तिनं मान्य केलं, पण एका अटीवर. मातीतल्या जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट केलं, नायट्रेटचा पुन्हा वायू केला, किंवा अमोनिया नुसताच हवेत गेला, की हलका अणू जरा जास्त प्रमाणात पुढं सटकतो आणि जड मागं उरतो. पण हा वारा फार मंद असतो. एका फेरीत फरक कळायचाही नाही. तो साठायला अनेक पावसाळे जावे लागतात.

जेवायला नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि लसणाचा ठेचा. हुलग्याच्या मुळांवरही गाठी असतात, तेव्हा रात्रीच्या जेवणातला बराचसा नायट्रोजन हवेतलाच होता, असं मी जाहीर केलं. दादांनी "असंल" म्हणून आणखी भाकरी वाढली.

शनिवार

थंडी चांगलीच होती. कड्यापर्यंत जाऊन आलो. खाली कोकण धुक्यात होतं. गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके तेवढे वर आलेले. फोटो काढून झाले आणि देवराईकडं वळलो.

देवराईत शिरताना वनखात्याचं पत्र पुरत नाही. भाचीनं ते आदल्या रात्रीच दादांना दाखवलं होतं. दादांनी ते बाजूला ठेवलं आणि गावातल्या दोन जाणत्यांना विचारून आले. निरोप मिळाला: वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, माती आणि चार पानं चालतील, आत चपला नकोत. मग अनवाणीच काम केलं. महाराष्ट्रातल्या देवरायांची पद्धतशीर नोंद वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पुण्याहूनच सुरू केली, सत्तरच्या दशकात. त्यानंतर देवराई म्हटलं की झाडांच्या याद्या होऊ लागल्या. पायाखालच्या मातीकडं त्या मानानं कमी लक्ष गेलं, असं माझं मत. भाचीला ते पटत नाही. तिच्या मते मातीवर काम झालंय, ते वाचणारे कमी आहेत.

आत ऊन जवळजवळ पोचतच नाही. अंजनी, जांभूळ, पारजांभूळ, आंबा, आणि त्या सगळ्यांना वेटोळे घालून वर गेलेला गारंबीचा वेल. त्याचं खोड माझ्या मांडीपेक्षा जाड. हातभर लांबीच्या शेंगा खाली पडलेल्या. गारंबी शेंगावर्गातली आणि तिच्या कुळात मुळांवर गाठी असतात. म्हणून ती भाचीच्या यादीत वर होती. शेंग आहे म्हणजे गाठी असणारच असं मात्र नाही. बहावा शेंगावर्गातलाच, पण त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत. कांचनाचंही तेच. शाळेत आपण 'द्विदल वनस्पती हवेतला नायट्रोजन स्थिर करतात' असं एका वाक्यात पाठ करतो. मीही वर्षानुवर्षं ते तसंच सांगत आले. जंगलात त्या वाक्याला बऱ्याच तळटीपा लागतात.

मातीचं काम कष्टाचं. आधी वरचा पाचोळा हातानं बाजूला करायचा. ताजा वेगळा, अर्धवट कुजलेला काळा थर वेगळा. मग पोलादी नळी ठोकत खाली: पहिले १० सेंटिमीटर, मग १० ते २०, मग आणखी खाली. मुळं आडवी आली की जागा बदलायची. एका ठिकाणच्या मातीवर विश्वास ठेवायचा नाही, आसपासच्या काही जागांची माती मिसळून एक पिशवी करायची. पिशवीवर जागा, खोली, तारीख. हे माझं काम.

जंगलात खोलीबरोबर आकडा वाढत जातो. जगभरातल्या बहुतेक जंगलांत हेच दिसतं. वरचा पाचोळा झाडानं टाकलेला, त्यात जड अणू कमी. जसजसं खाली जावं तसतसं ते द्रव्य जास्त वेळा जिवाणूंच्या आणि बुरशीच्या पोटातून गेलेलं, म्हणून जड. उत्तरेकडच्या पाइन-ओकच्या रानांत यात बुरशीचा मोठा हात असतो. तिथली बुरशी मुळांभोवती आवरण करून राहते, झाडाला हलका नायट्रोजन पोचवते आणि जड स्वतःकडं ठेवते. त्यामुळे तिथल्या पानांचे आकडे पुष्कळदा शून्याखाली असतात आणि त्या बुरशीच्या छत्र्यांचे चांगलेच वर. आपल्याकडच्या बहुतेक झाडांशी दुसऱ्या जातीची, मुळांच्या पेशींत शिरणारी बुरशी नांदते. तिथं हा खेळ इतका ठळक नसतो. मार्टिनेली आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जगभरची आकडेवारी एकत्र मांडली, तेव्हा उष्ण कटिबंधातल्या जंगलांची पानं समशीतोष्ण जंगलांपेक्षा सरासरी हजारी साडेसहानं जड निघाली. कारण असं की आपल्या जंगलांत बहुतेक ठिकाणी नायट्रोजनची चणचण कमी, म्हणून तो फिरतो वेगानं आणि निसटतोही जास्त.

दुपारी आंब्याच्या एका खालच्या फांदीवर बांडगूळ दिसलं, केशरी-लाल नळ्यांची फुलं आलेलं. भाची एकदम खूश. बांडगुळाचा आकडा ज्या झाडावर ते बसलंय त्याच्या आकड्याला धरून असतो, कारण ते त्याच झाडाच्या नळ्यांतून पितं. आंब्याची आणि बांडगुळाची पानं शेजारी शेजारी घेतली. त्याच फांदीवर एक आमरी, म्हणजे ऑर्किड होती, तिला मात्र आंब्याचं काही मिळत नाही. ती फक्त टेकायला बसलेली. तिचा नायट्रोजन पावसातला, धुळीतला, सालीवरच्या कुजक्या कचऱ्यातला, त्यामुळे झाडांवरच्या अशा पाहुण्यांचे आकडे सहसा जमिनीतल्या झाडांपेक्षा खाली असतात. आमरीला हात लावायचा नाही असं आमच्या पत्रातच होतं, नुसती पाहिली. एकाच फांदीवर तीन झाडं आणि तिघांची पोटं तीन वाटांनी भरतात. खरं तर दोन, बांडगुळाची वाट आंब्याचीच.

वारुळाच्या मातीचीही एक पिशवी घेतली. माती खाणाऱ्या वाळवीचा आकडा लाकूड खाणाऱ्या वाळवीपेक्षा वर असतो. इथली नेमकी काय खाते ते कळायला उपयोग होईल म्हणून.

एक शेकरू बराच वेळ वरून ओरडत होतं. चार वाजता आवरलं.

रविवार

देवराईच्या बाहेर लगेच वेगळं रान सुरू होतं. ऐन, हिरडा, गेळा, करवंदीच्या जाळ्या. ऐनाची झाडं पाहिली की कळतं. सरळ उंच खोड आणि फांद्या बुडख्यापासून छाटलेल्या, पुन्हा फुटलेल्या, पुन्हा छाटलेल्या. हा टाहाळ राबासाठी जातो. काल वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "उद्या मला घ्या संगं, तुमाला दावते." म्हणून त्या आल्या. वय सत्तरीच्या पुढं, चालणं आमच्यापेक्षा भरभर.

आजींनी राब कसा करतात ते उभ्या उभ्या सांगितलं. भाताच्या रोपांसाठी ठेवलेल्या वावरात शेण पसरायचं, त्यावर टाहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वरून मातीचा पातळ थर. उन्हाळ्यात वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं म्हणजे आग धावत नाही, आस्ते आस्ते जळते. तण मरतं, राख राहते, पाऊस पडला की त्यात भात पेरायचं. "आता निम्मी घरं युरिया टाकत्यात," आजी म्हणाल्या. "पर राबाचं रोप न्यारंच."

आम्ही दोघी वहीत उतरवत होतो. इथून पुढं जे कळलं त्यानं सहलीचा रंग बदलला.

आकडा मोठा म्हणजे माती श्रीमंत, असं ऐकणाऱ्याला वाटतं. तसं नाही. आकडा सांगतो किती निसटलं. आणि तेही सगळं निसटणं सांगत नाही. टाहाळ तोडून नेला, तर फांदीतले हलके-जड दोन्ही अणू एकदम गेले, निवड झालीच नाही. रान गरीब झालं, पण आकड्यावर त्याची थेट खूण नाही. उलट नायट्रोजनची टंचाई झाली की जिवाणू आणि मुळं उरलेला कण न् कण धरून ठेवतात, नायट्रेट वाहून जाणं कमी होतं, आणि वर्षांनंतर आकडा खालीही येऊ शकतो. एकदम अख्खं रान तोडलं तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुकला १९६५ च्या हिवाळ्यात एका ओढ्याचं सगळं पाणलोट तोडून पाहिलं आणि पुन्हा काही उगवू दिलं नाही, तेव्हा ओढ्यातलं नायट्रेट कित्येक पटींनी वाढलं. प्यायचं कोणी उरलंच नव्हतं. आणि आग लागली तर वरचा हलका पाचोळा हवेत जातो, खालची जड माती उघडी पडते आणि वरच्या थराचा आकडा वाढतो. म्हणजे कुऱ्हाडीनं एक, विळ्यानं दुसरं, आगीनं तिसरं. मातीच्या पिशवीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

भाचीची तिसरी जागा होती या रानातला एक मोकळा, सपाट तुकडा. उपग्रहाच्या चित्रावरून तिनं तो आधीच निवडला होता: झाडं तोडलेली, गवत माजलेलं, 'ऱ्हास झालेलं जंगल' या रकान्यासाठी उत्तम. आम्ही नळी ठोकायला बसलो. आसपास वाळलेला टाकळा आणि आघाडा कमरेइतका. आजी दगडावर बसून पाहत होत्या.

"हितली माती कशापायी?"

भाचीनं सांगितलं, रान तुटल्यावर मातीचं काय होतं ते बघायचंय.

"हितं रान कधी व्हतं? ही गोठण. माझ्या सासऱ्याच्या आदीपासून. दुपारच्याला समद्या गावाची गुरं हितं बसायची. ती बघा, ती भेरली माडाची सावली, तिथं गुराखी." आता गुरं कमी झाली, गोठण मोडली, गवत माजलं.

भाचीनं नळी जमिनीवर ठेवली आणि वही काढली. मी पाहिलेला या सहलीतला सगळ्यात शास्त्रीय क्षण तोच. गुरांच्या मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो, उन्हात तो भराभर उडतो, आणि उडताना हलका अणू आधी. मागं उरतं ते चांगलंच जड. तेच पुढं नायट्रेट होऊन गवतात चढतं. अशा जागेची खूण किती टिकते? केनियात गवताळ रानातल्या मेंढपाळांच्या दीड हजार वर्षांपेक्षा जुन्या गुरांच्या वाड्यांची माती २०१८ साली तपासली, तेव्हा ती अजूनही भोवतालच्या मातीपेक्षा सुपीक आणि जड नायट्रोजननं भरलेली निघाली. वरचं गवतही वेगळं. इथला आकडा पुण्याच्या प्रयोगशाळेत वर आला असता आणि 'ऱ्हास' या रकान्यात सुबकपणे बसला असता. आलेखही छान दिसला असता.

मग आजींना विचारायला सुरुवात झाली ती थांबेना. वणवा कुठल्या अंगाला लागायचा? नाचणी-वरईसाठी कुठला उतार भाजायचे, किती वर्षं पडीक ठेवायचे? देवराईच्या कडेला कधी गुरं बसत होती का? यातल्या निम्म्या प्रश्नांना आजींकडं नेमकी उत्तरं होती, माणसांच्या आणि लग्नांच्या हिशेबानं. "थोरल्या पोरीच्या लग्नाच्या सालाला तो उतार पेटला." थोरल्या लेकीचं लग्न कधी झालं ते वहिनींनी सांगितलं. भाचीकडं छापील प्रश्नावली होती, तिच्यात 'जमीन-वापर: होय/नाही' असा एक रकाना होता. ती प्रश्नावली आता बाद.

माझं म्हणणं मी तिथंच मांडलं: ज्या जागेबद्दल गावात कुणाला काही आठवत नाही, तिथली माती उचलूच नये. भाची म्हणाली, मावशी, मग जगातली निम्मी जंगलं सोडून द्यावी लागतील. वाद रात्री भाकरीपर्यंत चालला. दादांनी बाजू घेतली नाही.

सोमवार

पहाटे निघालो, दुपारी पुण्यात. बर्फाच्या पेटीतल्या पिशव्या आधी प्रयोगशाळेत. पानं पुसून ६० अंशांवर वाळत घातली. माती पसरून, मुळं-खडे वेचून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून. पुढं सगळ्याची पिठासारखी बारीक भुकटी, मग टिनच्या इवल्या डब्यांत पानांची दोन-चार मिलिग्रॅम, मातीची त्याहून पुष्कळ जास्त. डबी हजार अंशांच्या आसपासच्या भट्टीत पडते आणि भपकन जळते. तांब्यावरून जाताना नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा शुद्ध नायट्रोजन होतो, आणि मास स्पेक्ट्रोमीटर २८ (१४ + १४) आणि २९ (१४ + १५) वजनाचे रेणू वेगळे मोजतो. प्रत्येक ओळीत मध्ये मध्ये ज्ञात आकड्याचे नमुने, यंत्र भरकटत नाही ना ते पाहायला. यंत्राची रांग मोठी आहे, पाळी येईपर्यंत थांबायचं.

संध्याकाळ मोकळी होती म्हणून भाचीच्या डोक्यातली पुढची कल्पना ऐकली. कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात, जे पुण्यात १९५५ पासून आहे, सह्याद्रीतल्या झाडांची दाबून वाळवलेली पानं कागदांवर चिकटवून ठेवलेली आहेत, तारीख आणि ठिकाणासह. अशा जुन्या पानांचा आकडा काढता येतो. कॅन्ससच्या गवताळ प्रदेशातल्या तेरा दशकांच्या संग्रहातल्या पानांवर तसं काम २०१० मध्ये छापून आलं: पानांतला नायट्रोजन आणि जड अणूचं प्रमाण, दोन्ही कमी होत गेलेलं. पुढं २०१८ मध्ये जगभरच्या हजारो पानांच्या नोंदींतून १९८० नंतरही तोच कल दिसला. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, झाडं जोमानं वाढू लागली, त्यांची नायट्रोजनची मागणी वाढली आणि निसटायला कमी उरलं, असं एक स्पष्टीकरण आहे. एकीकडं गाड्यांचा धूर आणि खतांतला अमोनिया रानावर नायट्रोजन टाकतोय, दुसरीकडं पानं चणचण दाखवतायत. सह्याद्रीत यातलं कोण वरचढ ठरतं, हे भीमाशंकर-आहुप्याच्या जुन्या हिरड्याच्या पानातून कळू शकेल. अर्थात जपून ठेवलेल्या पानाचा नखाएवढा तुकडा तोडायलाही रीतसर परवानगी लागते. लागायलाच हवी. अर्ज लिहायला मी बसणार आहे, सरकारी मराठी मला बरी येते.

गोठणीच्या पिशव्यांचं काय करायचं यावर शेवटी तडजोड झाली. त्या टाकायच्या नाहीत. त्यांचा वेगळा रकाना, आणि 'ऱ्हास' साठी नवी जागा शोधायची, ती आजींनी दाखवलेल्या भाजलेल्या उताराच्या खालच्या अंगाला. पुढची फेरी वळवाच्या पहिल्या सरीनंतर लगेच करायची, कारण कोरडी माती भिजली की जिवाणू एकदम जागे होतात आणि नायट्रेट भराभर तयार होतं. दादांना फोन करून सांगून ठेवलंय की पहिली सर आली की त्याच रात्री कळवा. त्यांनी विचारलं, "आजीला सांगू का तयार राहायला?" भाची म्हणाली, त्यांना आधी सांगा.